फोटोतला रंग आणि माणसाचा रंग

दिवाळी आली की भिंतींना नवा रंग मिळतो, आणि कपाटे उपसता उपसता ज्यांचा रंग उडाला आहे अशा वस्तू हाती लागतात. त्यांत पहिला मान जुन्या फोटोंचा. आजोबांच्या वेळचे कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत असतात. पण १९७० नंतर मोठ्या हौसेने काढलेले रंगीत फोटो मात्र पाहवत नाहीत. मावशीच्या लग्नातला हिरवा शालू तपकिरी झालेला, मांडव तांबूस, आणि भटजींपासून बँडवाल्यापर्यंत सारी मंडळी गुलालात बुडून निघालेली!

ह्यात मावशीचा दोष नाही आणि फोटोग्राफरचाही नाही. रंगीत फोटोच्या कागदावर तीन रंगांचे थर असतात: एक निळसर, एक किरमिजी आणि एक पिवळा. त्या काळच्या पुष्कळ कागदांवरचा निळसर थर ट्रंकेच्या अंधारातसुद्धा आधी विरतो. मग मागे राहिलेले किरमिजी आणि पिवळा मिळून सगळ्या वऱ्हाडाला तांबडे करून सोडतात. कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचे असते, म्हणून ते टिकते. जुने बदामी फोटो तर आणखी चिवट; त्यांतल्या चांदीचे मुद्दाम सल्फाइड केलेले असते.

ह्या दुखण्यावर आता संगणकात औषध निघाले आहे. त्याच्या पडद्यावर चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा ह्या तीन रंगांचे शून्यापासून २५५ पर्यंतचे तीन आकडे. छटा बदलायची म्हणजे ह्या आकड्यांचे आपसातले प्रमाण बदलायचे. पडद्यावर एक पट्टी असते. तिचे एक टोक हिरवे, दुसरे किरमिजी. मधली खूण बोटाने हिरव्याकडे सरकवली की चित्राचा किरमिजी ताप हळूहळू उतरू लागतो. गृहिणींनी एक युक्ती ध्यानात ठेवावी. मूळ फोटो जसाच्या तसा जपून त्याच्या नकलेवर प्रयोग करावा, आणि चित्रात कोणाचे तरी पांढरे धोतर शोधावे. धोतर पांढरे झाले की बाकीचे रंग बहुतेक ताळ्यावर येतात. मावशीचा शालू पुन्हा हिरवा झालेला पाहून घरात जो आनंद होतो, तो काही खोटा नव्हे.

पण हीच खूण उलट कामासाठीही सरकते. आमच्या मंगरूळपीरला लग्नसराईच्या आधी फोटोच्या दुकानात जरा वेळ बसावे. मुलीचा बाप खुर्चीवर अवघडून बसलेला असतो आणि दुकानदाराला हळूच सांगतो, “भाऊ, पोरगी जराशी उजय दिसू द्या.” वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तशी दुकानात ‘सावळी’ची ‘गोरी’ होते. पहिल्या बदलाला भाषाशास्त्राची मान्यता आहे. दुसऱ्याला कोणत्या शास्त्राची? दुकानदार पिवळा रंग कमी करतो, गुलाबी चढवतो, उजेड वाढवतो. मुलगी गोरी होते खरी. पण त्याबरोबर कपाळीचे कुंकू फिकटते आणि कानातले सोने पितळेहून निस्तेज दिसते.

हे पाप संगणकाच्या माथी मारू नये. पूर्वी स्टुडिओत हेच काम कुंचल्याने होत असे. गालांवर गुलाबी हात फिरवून घेण्याची हौस आपल्या आजीलाही होती. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि त्याच्या चित्रांतल्या गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. १९३३ साली ‘प्रभात’ने ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत काढायचे धाडस केले. त्याच्या प्रती थेट जर्मनीत तयार करून आणल्या. पण पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. मौज अशी, की सैरंध्री म्हणजे विराटाघरी राहिलेली द्रौपदी. आणि सावळ्या वर्णावरून महाभारतात तिचे नाव ‘कृष्णा’! जिच्यासाठी स्वयंवराला राजेरजवाडे लोटले, तिचा फोटो आज दुकानात गेला असता तर पिवळा किती कमी करावा ह्याचीच आधी चर्चा झाली असती.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीला गेल्या साली पाहुणे पाहायला आले. मुलाच्या आत्याबाईंनी एकदा मोबाइलकडे आणि एकदा मुलीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “फोटोत निराळी दिसते हो!” चहा-पोहे झाले, निरोप काही आला नाही. पुढे ती मला म्हणाली, “सर, नकार आला ह्याचं दुःख नाही. पण होकार आला असता, तर तो त्या फोटोतल्या मुलीला आला असता. मी मग त्या घरी कोण म्हणून गेले असते?” ह्या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते. तिने मात्र उत्तर शोधले. दुसरा फोटो तिने साध्या उजेडात, दुकानदाराला हात न लावू देता काढून घेतला. वडील कुरकुरले, आईने तोच फोटो पाठवला.

आमच्या वऱ्हाडात जमीन घेताना माणूस काळी पाहतो. मूठभर माती हातात घेऊन, ती जितकी काळी तितका तिच्यावर खूश होतो, कारण कापूस तिच्यातच पिकतो हे त्याला ठाऊक असते. तोच माणूस सून पाहायला निघाला की गोरेपणाचा चश्मा लावतो!

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत मावशीचा शालू जरूर हिरवा करा. ऊन, दमट हवा आणि वर्षे ह्यांनी जे नेले ते परत आणणे ही दुरुस्ती आहे. पण मुलीचा सावळा रंग कोणी नेलेला नाही; तो जिथल्या तिथे आहे. घरात लग्नाची मुलगी असेल तर तिचा फोटो पाठवण्याआधी तो तिलाच दाखवा, आणि एवढेच विचारा, “ही तूच ना?”