सावकाराच्या वाड्यातला पाणवठा

सन २००१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१६ साली लिनक्स फाउंडेशनचे सर्वांत वरच्या दर्जाचे सभासदत्व घेतले. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून तिने गिटहब हे मुक्तस्रोत कार्यकर्त्यांचे सर्वांत मोठे संकेतस्थळ विकत घेतले आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी या प्रश्नावर आपण इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो, अशी जाहीर कबुलीही दिली. वाल्याचा वाल्मीकि झाला म्हणून जगाने टाळ्या पिटल्या. मात्र वाल्याने आपल्या पापाचा जाब घरच्या माणसांना विचारला होता. या कंपनीने तो आपल्या हिशेबवह्यांना विचारला, एवढा फरक ध्यानात ठेवलेला बरा. तिच्या ‘अ‍ॅझ्युर’ या भाड्याने संगणक देण्याच्या उद्योगातील निम्म्याहून अधिक कामकाज आज लिनक्सवर चालते. ज्याच्यावर आपली चूल पेटते त्याला शिव्या देणे कोणालाच परवडत नाही.

मुक्तस्रोत म्हणजे ज्या संगणक-आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचता, वापरता, सुधारता व वाटता येते ती. तिची किंमत बहुधा शून्य असते, आणि म्हणूनच ती कोणाच्या श्रमाने उभी राहिली हा प्रश्न विचारण्याचे आपण टाळतो. वाचकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे.

मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जुलैत लिनक्सला सुमारे वीस हजार ओळींची संहिता दिली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. पुढे असे उघडकीस आले की, त्या आज्ञावलीत मुक्त परवान्याखालील भाग आधीच वापरला गेला होता आणि परवान्याची अट अशी की, असे मिश्रण वाटायचे तर सर्व संहिता खुली केली पाहिजे. ही गोष्ट बाहेरच्या एका अभियंत्याने दाखवून दिली होती. म्हणजे ज्याला दान म्हटले गेले, त्यात कर्जफेडीचाही अंश होता. यास्तव अशा देणग्यांचे मूल्यमापन करताना आकड्यांपेक्षा अटींकडे अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

तथापि या कंपनीच्या पदरात एक अस्सल पुण्यही पडले आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता पोस्टग्रेस या मुक्त माहितीसंग्राहक प्रणालीची काटेकोर मोजमापे घेत होता. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी ते नजरेआड केले असते; याने धागा सोडला नाही. तपासाअंती आढळले की, ‘एक्सझेड’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा बसविला आहे. ती आज्ञावली एक गृहस्थ वर्षानुवर्षे, जवळजवळ एकट्याने, बिनमोबदला सांभाळीत होते. थकलेल्या त्या माणसाला मदत करण्याच्या मिषाने एक अज्ञात इसम दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणे काम करीत राहिला, त्याने विश्वास संपादन केला, किल्ल्या हाती घेतल्या आणि मग घात केला. २९ मार्चला फ्रॉइंड याने इशारा दिला नसता, तर हा चोरदरवाजा जगभरच्या असंख्य यंत्रांत जाऊन बसला असता.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर होता. पोस्टग्रेस ही त्या कंपनीची मालमत्ता नव्हे, तरी तिच्यावर काम करण्यासाठी ती त्याला वेतन देते. चोर पकडण्याचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता आणि असा हुकूम देताही येत नाही. जाणत्या माणसाला पोटाची चिंता नाही, हातात थोडा वेळ आहे आणि स्वतःचे कुतूहल पुरविण्याची मोकळीक आहे, अशा स्थितीतच असली कामे होतात. शाळेत शिकविण्याची वर्षे गाठीशी असलेल्या प्रस्तुत लेखकाला हे नवे नाही: वर्गातील चुणचुणीत मुलगा तपासनिसाच्या भेटीदिवशी कधीच चमकत नसतो.

आणि पुढील गंमत पाहा. या घटनेला आठवडाही उलटला नव्हता, तोच चित्रध्वनीची आज्ञावली चालविणाऱ्या एफएफएमपेग या स्वयंसेवकांच्या मंडळींनी जाहीर तक्रार केली. मायक्रोसॉफ्टच्या एका विभागाने आपली अडचण तातडीची असल्याचे सांगून ती सोडविण्याची मागणी त्यांच्याकडे केली. दीर्घकाळच्या देखभालीसाठी रीतसर करार करा असे सुचविताच एकरकमी काही हजार डॉलर देऊ केले, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच कंपनीचा उजवा हात एका अभियंत्याला सार्वजनिक कामासाठी वर्षभर पोसतो आणि डावा हात घरकाम करणाऱ्या बाईच्या हातावर दिवाळीची नोट ठेवावी तसा वागतो.

गिटहबचा प्रश्न याहून नाजूक आहे. सावकाराने आपल्या वाड्यात विहीर खणावी, गावाला फुकट पाणी भरू द्यावे आणि गावाने आपले जुने पाणवठे बुजू द्यावेत, अशातला तो प्रकार आहे. सावकार वाईटच असेल असे नाही. परंतु फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला असते आणि त्याच्यावरही कोणाचा तरी हुकूम चालतो. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांची काही दालने गिटहबला बंद करावी लागली. इराणींसाठी ती पुन्हा उघडण्यास २०२१ उजाडले. याच विहिरीतील संहितांवर शिकविलेला ‘कोपायलट’ नावाचा यांत्रिक सहायक कंपनी २०२२ पासून पैसे घेऊन विकते. त्याविरुद्ध त्याच वर्षी नोव्हेंबरात दावा दाखल झाला आणि त्यातील बहुतेक मुद्दे न्यायालयाने पुढे फेटाळले. कायद्याचा निवाडा कायद्यापुरता मान्य. पण ज्यांनी फुकट लिहिले त्यांचेच लेखन त्यांना मासिक वर्गणीने परत घ्यावे लागते, याची टोचणी निवाड्याने जात नाही.

आपणही या व्यवहारात निव्वळ प्रेक्षक नाही. गिटहबवरील कार्यकर्त्यांच्या संख्येत अमेरिकेखालोखाल हिंदुस्थानचा क्रमांक लागतो. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून हजारो मुलेमुली रोज ही फुकटची शिदोरी सोडून कोट्यवधींचा उद्योग चालवितात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोताला अग्रक्रम देण्याचे धोरण आखले, पण त्याचा सारा भर वापरण्यावर होता. जर्मनीने २०२२ मध्ये अशा आज्ञावलींच्या डागडुजीसाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडे झेरोधा या बंगळूरच्या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात दरसाल दहा लाख डॉलर याच कामी देण्याचे जाहीर केले. तिच्यापेक्षा कितीतरी जुन्या आणि कितीतरी श्रीमंत अशा आपल्या संगणक-कंपन्यांनी हे आधीच करावयास हवे होते. त्यांनी आपल्या वार्षिक अहवालात एक साधा तक्ता छापावा: आम्ही कोणकोणत्या मुक्त आज्ञावलींवर उभे आहोत, त्या सांभाळणाऱ्यांपैकी किती जणांना वेतन देतो आणि किती वर्षांच्या कराराने देतो. भागधारकांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न विचारण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.