शीतव्यापत्ती आणि वैद्याची वनौषधी बाग

पौष-माघात उत्तरेकडून थंडीची लाट आली की वृत्तपत्रांत दोन छायाचित्रे हमखास येतात. एक महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात गोठलेल्या दवबिंदूंचे आणि दुसरे निफाडच्या द्राक्षबागांत पेटविलेल्या शेकोट्यांचे. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां मंडळींना ही छायाचित्रे परमुलखातील वाटतात. समुद्राच्या सान्निध्यामुळे आमच्याकडे हिम पडत नाही. उलट, मार्गशीर्षातील गारव्याची आम्ही वाट पाहतो, कारण त्यावाचून हापूसला मोहोर येत नाही. असे असता थंडीपासून झाडे वाचविण्याच्या विषयावर कोकणातील वैद्याने लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे कारण असे की, पिंपळी, मिरी, नागवेल, जायफळ, कुळींजन ही आमच्या कुळागरांतील द्रव्ये अलीकडे रोपांच्या रूपाने घाट चढू लागली आहेत. अधिवेशनास आलेले वैद्यबंधू आवडीने पिंपळीचे फुटवे घेऊन जातात. नाशिक, जळगाव, पुणे येथील बागेत ते पावसाळाभर उत्तम वाढतात आणि पहिल्याच कडक थंडीत काळे पडतात. रोप देणाऱ्याने ‘पाणी भरपूर घाला’ एवढेच सांगितलेले असते; थंडीविषयी कोणी काही बोलत नाही. ही उणीव केवळ बागकामाची नव्हे, ती द्रव्यगुणशास्त्राचीही आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील ऋतुचर्याध्यायात याची स्पष्ट नोंद केली आहे. शीत, उष्ण, वात व वर्षा यांत विपरीतता आली असता औषधी आणि जल या दोहोंची व्यापत्ती होते व त्यांच्या सेवनाने रोग उद्भवतात, असा त्याचा आशय आहे. चरकाचार्य कल्पस्थानाच्या आरंभी, काल, आतप, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी ज्याचे गंध, वर्ण, रस, स्पर्श व प्रभाव बिघडलेले नाहीत असेच द्रव्य घ्यावे, असे सांगतात. म्हणजे थंडीने करपलेले पान हा चिकित्सेचा विषय आहे. तेव्हा आपल्या नेहमीच्या हेतु-लिंग-औषध या त्रिसूत्रीनेच त्याचा विचार करू.

हेतू

शीताचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला हिमाचा. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन व पाने रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. अशा रात्री पान हे भोवतालच्या हवेहूनही दोन-तीन अंशांनी थंड होते. म्हणून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरील तापमापक तीन अंश दाखवीत असताना जमिनीलगतच्या तुळशीवर हिमकण साचू शकतात. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उताराने वाहून खोलगट जागी साठते. एकाच शेतातील माथ्यावरचे झाड वाचते आणि बांधाखालचे करपते, त्याचे कारण हेच. निफाडचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये दोन अंशांच्या खाली उतरला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रकार हिमाविना होणाऱ्या शीतबाधेचा. अनूप देशातील उष्णप्रिय वनस्पतींना शून्य अंशाची गरजच नसते. तापमान दहा-बारा अंशांच्या खाली काही रात्री राहिले तरी त्यांच्या पेशींची आवरणे बिघडतात व मुळे पाणी ओढेनाशी होतात. जळगावच्या केळीबागांत थंडीने येणारा ‘चरका’ तेथील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. किनारपट्टीही यातून सर्वस्वी मुक्त नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईचे तापमान ७.४ अंशांपर्यंत उतरले होते. आमच्या जिल्ह्यात मालवण-वेंगुर्ल्यापेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याचे दोडामार्ग, वैभववाडी हे तालुके आणि माथ्यावरील आंबोली अधिक गार असते. त्यात रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा मतलई वारा भर घालतो. येथे शीताच्या जोडीला वाताचे रूक्षत्व असते.

वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात शीत, वात व आतप हे तिन्ही वृक्षरोगांचे हेतू म्हणून एकत्र सांगितले आहेत, ते किती मार्मिक आहे हे यावरून कळावे.

लिंग

वराहमिहिराने दिलेली लक्षणे अशी : पाने पांडुर होणे, कोवळे अंकुर न वाढणे, शाखा शुष्क होणे आणि रसाचा स्राव होणे. बागेत हीच लक्षणे क्रमाने दिसतात. हिमबाधेत पान प्रथम पाण्यात भिजल्यासारखे दिसते, ऊन चढताच लुळे पडते व दुसऱ्या दिवशी काळे होते. कोरफडीसारख्या जलबहुल वनस्पतीचा गर पातळ व चिकट होऊन पान बसते. शीतबाधा मात्र सावकाश प्रकटते. पिंपळीची पाने पिवळसर होतात, नागवेलीची गळतात. जमीन ओली असूनही रोप दुपारी मान टाकते, तेव्हा पाण्याचा अभाव समजून आणखी पाणी ओतले जाते आणि मुळे कुजतात. निदान चुकले की उपचार घातक ठरतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

औषध

निदानपरिवर्जन हीच येथे श्रेष्ठ चिकित्सा होय, आणि त्याचा धडा कुळागरात मिळतो. माड-पोफळीच्या छत्राखाली केळ, तिच्या आडोशास जायफळ, खोडावर मिरी आणि तळाशी पिंपळी व अननस. हे छत्र जमिनीतून निघणारी उष्णता रात्री अडवून धरते व वाऱ्यालाही रोखते. घाटावरील वैद्याने उघड्या वाफ्यात एकटी पिंपळी लावण्याऐवजी आंबा किंवा शेवग्याच्या सावलीत, घराच्या भिंतीलगत, खोलगट जागा टाळून लावावी. केळीबागेभोवती शेवरीची दाट ओळ लावण्याची खानदेशातील रीत औषधी बागेसही लागू पडते.

लाटेची सूचना मिळताच आदल्या दिवशी सकाळी आळ्यात पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे पाणी सोडतात. पानांवर मात्र रात्री झारीने पाणी शिंपडू नये. मुळाशी वीतभर पातेरा, म्हणजे वाळल्या पानांचा थर, घालावा. आले, हळद, वेखंड, कुळींजन यांचे कंद त्यामुळे सुरक्षित राहतात आणि वरचा भाग करपला तरी चैत्रात पुन्हा फुटतात. कोवळी रोपे व कलमे यांवर नारळाची विणलेली झापे, गोणपाट किंवा जुने सुती कापड घालावे. ते जमिनीपर्यंत टेकले पाहिजे, कारण आच्छादन अडविते ती जमिनीचीच ऊब. प्लॅस्टिक पानांना चिकटले तर तेथेच बाधा होते. ऊन आल्यावर आच्छादन काढावे. उत्तर भारतातील गृहिणी हिवाळ्यात तुळशीला ओढणी पांघरतात, त्या श्रद्धेत हे शास्त्रही आहे.

धुराविषयी मात्र मतभेद नोंदविणे मला कर्तव्य वाटते. ओला पालापाचोळा जाळून बागेत धूर कोंडावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. धुराचे सूक्ष्म कण जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवीत नाहीत. थोडाफार लाभ होतो तो प्रत्यक्ष विस्तवाचा, आणि तोही अनेक लहान शेकोट्या असतील तर. कोकणातील सड्यांवर या दिवसांत गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने काजू-आंब्याच्या बागा वणव्यात जातात. शिवाय थंड, स्थिर हवेत धूर खालीच साचतो. माघात श्वास व कासाचे रुग्ण आपल्याच दारी येतात. त्यांना धूमवर्ज्य सांगणाऱ्या वैद्याने स्वतःच्या बागेत धूर करावा, हे सुसंगत नाही.

दुसरा मुद्दा कुणपजलाचा. नलिनी साधले यांनी इंग्रजीत अनुवादित केलेला सुरपालाचा वृक्षायुर्वेद १९९६ साली प्रसिद्ध झाल्यापासून कुणपजलाविषयी आपल्यात उत्साह आहे व तो योग्यही आहे. परंतु ते बृंहण आहे. दसऱ्यानंतरही ते देत राहिल्यास ऐन थंडीत कोवळी, रसाळ फूट येते आणि तीच प्रथम बळी पडते. थंडी सरेपर्यंत ते थांबवावे.

तिसरा मुद्दा शस्त्रकर्माचा. करपलेल्या फांद्या दुसऱ्याच दिवशी छाटण्याची घाई होते. कोणता भाग मेला व कोणता जिवंत हे तेव्हा कळत नाही, आणि छाटणीने येणारी नवी फूट पुढच्या लाटेत सापडते. अपक्व व्रणशोथावर शस्त्र चालवू नये, हा नियम येथेही पाळावा. होळीच्या सुमारास नवे डोळे फुटू लागले की तेथपर्यंत छाटावे. वराहमिहिराने शस्त्राने शोधन, मग वावडिंग, घृत व चिखल यांचा लेप आणि दूधमिश्रित पाण्याचे सिंचन सांगितले आहे. छाटलेल्या खोडांवर या लेपाचा प्रयोग करून नोंदी ठेवण्यास आपणांस कोणाची आडकाठी आहे?

सूचना

आपल्या परिषदेसमोर चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. रोपांची देवघेव करताना प्रत्येक रोपासोबत त्याचा देश — अनूप, जांगल की साधारण — आणि ते किती थंडी सोसते, हे लिहून द्यावे. प्रत्येक सभासदाने रोपांच्या उंचीवर एक साधा तापमापक लावून मार्गशीर्ष ते माघ पहाटेचे तापमान व बाधित वनस्पती यांची नोंद ठेवावी; त्या नोंदी या त्रैमासिकात एकत्र छापल्यास महाराष्ट्रातील कोणते द्रव्य कोठे लावावे याचा विश्वसनीय तक्ता तयार होईल. थंडीने काळवंडलेली तुळस, अडुळसा वा कोरफड स्वरसासाठी वापरू नये आणि पुरवठादाराकडूनही स्वीकारू नये. चौथी गोष्ट महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांची. तेथे उद्घाटनाच्या दिवशी लावलेल्या नामफलकांखाली फेब्रुवारीत वाळकी काटकी उभी असते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. विद्यार्थ्यांना द्रव्यगुण शिकविताना थंडीच्या आठवड्यातील बागेची राखण हा प्रात्यक्षिकाचा भाग करावा. पान करपते कसे आणि वाचते कसे, हे ज्याने पहाटे उठून पाहिले, त्यास बाजारातील चांगले द्रव्य व व्यापन्न द्रव्य यांतील भेदही सहज ओळखता येईल. येत्या मार्गशीर्षापूर्वी या सूचनांवर परिषदेने विचार करावा, ही विनंती.