दोन्ही नव्हे, दोघांनी

'दोन्ही' आणि 'दोघांनी' या दोन शब्दांतल्या गोंधळामुळे माझ्या आपाचं दुखणं पाच महिने लांबलं. तिची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे.

आमचं गाव शिरड शहापूर, औंढा नागनाथ तालुक्यातलं. आपाचं सासर जवळच आहे. तिला अंगावरून पांढरं जाणं, खाज, जळजळ असा त्रास सुरू झाला. शरमेपोटी महिनाभर ती कोणाशी बोललीच नाही. मग सासूबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी प्रश्न सासूला विचारले, उत्तरंही सासूनेच दिली. गोळ्यांच्या दोन पट्ट्या हातात देत डॉक्टर म्हणाले, "दोघांनी घ्यायच्या." घरात दखनी बोलणाऱ्या सासूबाईंनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर दोनो पट्टी खाने कू बोले." आपाने दोन्ही पट्ट्या संपवल्या. मळमळ झाली, तोंड कडू पडलं. दुल्हेभाईंनी एकही गोळी घेतली नाही. थोडं बरं वाटलं आणि महिन्याभरात त्रास परत आला. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा त्याच दोन पट्ट्या.

यात माझाही हात आहे. आपाने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला. मी पुण्यात बसून फोनवर सल्ला दिला, "गोळ्या मध्येच सोडू नको म्हणावं, सगळ्या संपव." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहकाला काय हवंय हे तिसऱ्याच माणसाकडून ऐकून काम सुरू केलं तर ते हमखास चुकतं, हे मी रोज पाहतो. समोरच्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. बहिणीच्या बाबतीत मात्र मी तिसऱ्याचं ऐकून चौथ्या माणसाचा सल्ला दिला.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी सासूला बाहेर बसवलं, दार लावलं, जुनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "नवऱ्याने त्याच्या गोळ्या घेतल्या का?" आपा गोंधळून बघत राहिली. मग बाईंनी साध्या शब्दांत समजावलं. हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषात तो काहीही त्रास न होता राहू शकतो, त्यामुळे तो कधीचा आहे आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही. त्यावरून भांडू नका. दोघांनी एकाच वेळी औषध घ्या, उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा. "आता काय करायचं ते तुम्ही मला सांगा," असं म्हणून त्यांनी आपाकडून सगळं वदवून घेतलं. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली. आपा बरी झाली.

ही काही एकट्या आपाची गोष्ट नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. दुखणं घरोघरी होतं, पण त्याची विचारपूस कोणी केली नव्हती.

आपल्याकडे बोलण्याआड शरम येते आणि तिला दीनची शरम म्हटलं जातं. पण मक्तबमध्ये आपण काय शिकलो? हैज, गुस्ल, तहारत हे सगळं नाव घेऊनच शिकवलं होतं. मदिन्यातल्या अन्सारी स्त्रिया असे प्रश्न थेट रसूलुल्लाहांना विचारत, आणि त्यांची हया त्याआड आली नाही म्हणून हजरत आयशा यांनी त्यांचं कौतुक केलं. मग डॉक्टरांसमोरच आपली जीभ का अडते?

मराठी समाजालाही हे सोपं गेलेलं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज उत्तर दिलं म्हणून कुठल्या डॉक्टरला दंड होत नाही. उत्तर मागायलाच आपण कचरतो.

डॉक्टरांसमोर रांग लांब असते, हे मान्य. पण "दुसरी पट्टी तुमच्या नवऱ्यासाठी" एवढं पेशंटला सांगायला किती वेळ लागतो? नातेवाइकाला दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणणं, पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सिस्टरला आत बोलावणं, 'तसलं काही' न म्हणता अवयवाचं नाव घेणं, ही मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच भाग आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदा आहे. चाचणीपूर्वी संमती, आधी आणि नंतर समुपदेशन आणि गुप्तता हा पेशंटचा हक्क आहे.

आपल्या बाजूने काय करता येईल? आत जाण्याआधी प्रश्न कागदावर लिहा, मराठीत, उर्दूत, जमेल तसे. मला काय झालंय? औषध कोणी कोणी घ्यायचं? किती दिवस? संबंध कधीपर्यंत टाळायचे? परत कधी यायचं? निघताना उत्तरं स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आणि किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात, तिथे चौकशी करा. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.

आणि आपल्यापैकी जे शिकले आहेत, घरच्यांना दवाखान्यात घेऊन जातात, त्यांनी आणखी एक काम करावं. पेशंटला दारापर्यंत सोडावं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसावं. माझ्या घरात आता असंच ठरलं आहे. मागच्या वेळी आपा दवाखान्यात गेली तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "तू जा अंदर, मैं यहीं बैठती."