वीणा खाली ठेवायची नाही!

गावात हरिनाम सप्ताह बसला की रात्री दोन वाजता मंडपात कोण असतं, कधी पाहिलंय? कीर्तन संपतं, गाव झोपतं, पण वीणा चालूच! सात दिवस, सात रात्री ती जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की एकमेकांच्या पाया पडायचं आणि एकाच्या गळ्यातली वीणा थेट दुसऱ्याच्या गळ्यात.

मी नववीत असताना पहिल्यांदा पहाऱ्याला टाळ घेऊन उभा राहिलो. दोन ते चार. डोळे मिटायला लागले, ठेका चुकला. शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत, नुसता स्वतःचा टाळ जरा जोरात वाजवला. झोप पळाली!

पखवाजाची गंमत ठाऊक आहे ना? त्याच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक थापतात, म्हणून तो असा घुमतो.

भगवानबाबांनी (१८९६–१९६५) सुरू केलेला नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावात भरतो. केवढी गर्दी असते! मला मात्र आपला वीस टाळांचा गावचा सप्ताहच आवडतो. तिथं ऐकणारे वेगळे, गाणारे वेगळे असं नसतंच. तिकडे दूर आयर्लंडमध्येही लोक असेच गोल करून फिडल, बासरी वाजवत बसतात. चाल येते त्यानं खुशाल सामील व्हावं.

शेवटी काल्याचं कीर्तन होतं, दहीलाह्या वाटतात आणि मगच वीणा उतरते. त्या दुपारी घरी आल्यावरसुद्धा बोटं उगाच टाळ शोधत राहतात.