इंजिन बंद करा, मग झोपा

थंडी सुरू झाली की बामणोली, तापोळ्याकडे शिवसागराच्या काठाने तंबू दिसू लागतात. तंबूची सोय झाली नाही की मंडळी गाडीची सीट मागे पाडून तिथेच झोपतात. सांगलीकडची पोरे चांदोलीच्या बाजूला हेच करतात. हौसेने नव्हे, तर नाइलाजाने गाडीत झोपणारेही पुष्कळ आहेत. गळीत हंगामात कारखान्यापुढे रांगेत थांबलेले ट्रकचालक केबिनमध्येच रात्र काढतात आणि दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईकही गाडीतच पाय मुडपून पडलेले असतात.

गाडीत झोपण्याला डॉक्टर म्हणून माझी हरकत नाही. डोळ्यांवर झापड असताना खंबाटकी घाटात शिरण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी घेऊन अर्धा तास झोपलेले केव्हाही बरे. माझी हरकत आहे ती इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपण्याला.

काचा बंद असल्या की गाडीतला ऑक्सिजन संपतो आणि माणूस मरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून लोक बोटभर काच खाली करतात, एसी लावतात आणि निर्धास्त झोपतात. खरा धोका इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग छाती वरखाली होत राहते, हवाही आत जाते. पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. जागा माणूस डोके जड झाले म्हणून उठून बाहेर तरी येईल. झोपलेल्याची झोप फक्त अधिक गाढ होत जाते.

गाडी धावताना धूर मागे राहतो. उभ्या गाडीत तो खालीच साठतो आणि गंजलेल्या सायलेन्सरमधून, तळाच्या भोकातून किंवा अर्धवट उघड्या डिकीतून आत शिरतो. गाडी बांधाला, गवताला टेकवून लावली असेल किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी चिखल असेल, तर अधिकच. नव्या गाड्यांमध्ये हा वायू कमी करणारी यंत्रणा असते, पण तो शून्य होत नाही. पीयूसीचा कागद गाडीत आहे म्हणून फुप्फुसे वाचत नाहीत. बोटभर उघड्या काचेचाही भरवसा नाही. धूर तिथूनही आत येऊ शकतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्याचा वायू आत शिरला होता. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन येथे हॉटेलच्या एकाच खोलीत केरळचे आठ पर्यटक गेले, त्यांत चार मुले. तिथे गॅसचा हीटर होता. आपल्याकडे हीटरची जागा शेगडी घेते. जेवण झाल्यावर निखारे तंबूत किंवा गाडीत घेणारे लोक आहेत. निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण कोळशातून हाच वायू भरपूर निघतो.

आणि आपली थंडी ती केवढी? वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, इतकेच. एक वाकळ, एक घोंगडी आणि कानटोपी यावर रात्र निघते. डासांसाठी काचेवर जाळी लावा, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे उघड्या ठेवा. शेजारच्या गाडीचे इंजिन चालू असेल तर आपली गाडी तिथून हलवा.

दवाखान्यात हे निदान हुकणे सोपे आहे. सकाळी चौघांचे डोके दुखते, दोघांना उलट्या होतात आणि सगळे मिळून रात्रीच्या रश्श्याला किंवा घाटाच्या वळणांना दोष देतात. सोबत प्यालेला कोणी असेल तर विषयच संपतो. करोनात घरोघरी घेतलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसवते. त्याला ऑक्सिजन चिकटलेले आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसत राहतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला धोका आईपेक्षा जास्त, म्हणून तिला बरे वाटले तरी दाखवायलाच हवे.

कोणी उठेनासा झाला तर आधी सगळी दारे उघडा, इंजिन बंद करा, त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिले वाक्य हेच सांगा, की आम्ही गाडीत झोपलो होतो आणि इंजिन चालू होते.