शाईची रेघ खोडता येत नाही

द्वारका चौक चित्र काढायला बसण्याची जागा नाही. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे असे दोन महामार्ग इथे भेटतात. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, ट्रक आणि हॉर्न. तरीही गेले काही महिने रविवारी सकाळी मी इथल्या चहाच्या टपरीवर वही उघडून बसतो. चाळिशीनंतर शाईच्या पेनाने चित्र काढायला शिकतो आहे.

पहिल्या रविवारी पुलाचा खांब तिरका आला. पेन्सिल असती तर खोडला असता. शाईत ती सोय नाही. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी ओढायची, मग तिसरी. हळूहळू चूक सावलीत जिरते. शाईला करडा रंगही नसतो. उजेड-सावली दाखवायची तर रेघा दाट-विरळ करायच्या, एकमेकींवर आडव्या मारायच्या. खांबाची रुंदी उंचीत किती वेळा बसते, हे पेन डोळ्यांसमोर धरून मोजायचं.

मोजता मोजता मला खत्ताती आठवली. तिथेही कलमाच्या टोकाने काढलेला चौकोनी नुक्ता हेच माप असतं. अलिफ किती नुक्ते उंच, हे ठरलेलं असतं. दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुकलाच्या नावाने ही पद्धत सांगितली जाते. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनीही लहानपणी खत्ताती गिरवली होती. म्हणजे हा हात आपल्याला परका नाही.

मग मी शाळेत असताना एलिमेंटरी परीक्षेला का बसलो नाही? घरात एकच वाक्य आलं, "तसवीर निकालना गुनाह है." वही बंद झाली, ती तीस वर्षं. आता माझी आठवीतली भाची विचारते, "मामू, मैं बैठूं क्या इम्तिहान को?" आणि त्याच घरात तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं.

तसवीरीविषयीच्या हदीस आहेत, त्या मी नाकारत नाही. पण बुखारीतच इब्न अब्बास यांची रिवायत आहे. चित्रांवर पोट भरणाऱ्या माणसाला त्यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढण्याची मोकळीक दिली. मग पिंपळ, वाडा, पूल, सुरई यांना हरकत कसली? परीक्षेतली वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांत आक्षेपासारखं काय आहे? स्मरणचित्रात माणसं येतात, हे खरं. त्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला शंका आहे त्याने जरूर विचारावं. पण मतभेदाच्या एका मुद्द्यावरून अख्खी वही बंद करणं, हा दीन नव्हे, आपला आळस आहे.

आणि आपण खरंच तसवीर बंद केली आहे का? मोबाईल सेल्फींनी भरलेत, लग्नात व्हिडिओवाला आधी ठरतो. बंद झालं ते फक्त मुलांचं पेन. कॅमेरा क्षणात टिपतो. पेन माणसाला तासभर एकाच गोष्टीकडे बघायला लावतं. जुन्या नाशकातले वाडे पडताहेत, काझीच्या गढीची माती दर पावसाळ्यात ढासळते. आपल्या मोहल्ल्याकडे असं तासभर बघणारं कुणीतरी आपल्यातलंही हवं.

भाचीचा फॉर्म अजून कोराच आहे. घरातल्या मोठ्यांना माझी विनंती एवढीच, की नाही म्हणण्याआधी एकदा तिची वही उघडून बघा.