घरगुती यंत्रविचार : पंख्याचा एकच वेग उरला तर

पावसाळा तोंडावर आला, म्हणजे कौलें, छत्र्या आणि औषधांचें कपाट यांची पाहणी घरोघर होते. मोटारगाडीचीं मात्र चाकें व ब्रेक पाहिले, कीं काम झालें असें बहुतेक समजतात. परंतु ताम्हिणी किंवा आंबोली घाटांत भर पावसांत, वृद्ध माणसें व लहान मुलें गाडींत असतां समोरची काच आंतून धुरकट झाली, तर ती निवळण्याचें मुख्य साधन म्हणजे आंतील हवेचा पंखा. मिस्त्री ज्यास ब्लोअर म्हणतात तो हाच. उष्ण हवा असो वा थंड, ती खेळविणारा पंखा सामान्यतः एकच असतो. म्हणून त्याचा बिघाड ही केवळ सुखसोईची बाब नव्हे.

पुष्कळ गाड्यांत या पंख्यास चार वेग असतात. एके दिवशीं पहिले तीन बंद पडतात आणि चौथा तेवढा उरतो. "पंखाच गेला, सगळा बदला," हा सल्ला अशा वेळीं फार लवकर मिळतो. तो मानण्यापूर्वीं गृहस्थानें इतकाच विचार करावा, कीं जो पंखा चौथ्या वेगानें जोरांत फिरतो, त्याची मोटर मेलेली असणें शक्य नाहीं. मग दोष कोठें?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची असते. चौथ्या वेगास तिचा पूर्ण दाब मोटरीस सरळ मिळतो. खालच्या वेगांसाठीं वाटेंत तारेचीं वेटोळीं एकापुढें एक जोडलेलीं असतात. त्या जुडग्यास रेझिस्टर म्हणतात. पहिल्या वेगास प्रवाह सर्व वेटोळ्यांतून जातो, पुढच्या प्रत्येक वेगास त्यांतील एकेक गळतें. रोध वाढला कीं प्रवाह घटतो, हा ओम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियमच येथें राबतो. अडलेल्या शक्तीची उष्णता होते. ती निवावी म्हणून रेझिस्टर हवेच्या वाटेंतच बसविलेला असतो. शिवाय अति तापल्यास वितळणारा एक फ्यूज त्यावर असतो. तो वितळला, कीं खालचे सर्व वेग एकदम जातात. चौथ्याची वाट निराळी असल्यामुळें तो शाबूत राहतो.

लक्षणें निराळीं असल्यास निदानही निराळें. फक्त चौथा वेग गेला, तर स्विच किंवा रिले पाहावा. मधलाच एखादा नाहींसा झाला, तर स्विचचा संपर्क किंवा त्या पायरीची तार तपासावी. एकही वेग नसेल, तर मुख्य फ्यूज, अर्थिंग व मोटर पाहावी. मोटरीस हलकेंच ठोकतां ती फिरूं लागली, तर तिचे कार्बनचे ब्रश झिजले असें बहुधा समजावें. आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत मात्र वेटोळ्यांच्या जागीं बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. त्यांस ही परीक्षा लागू नाहीं.

रेझिस्टर पुष्कळ गाड्यांत डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागें, दोन-तीन स्क्रूंनीं धरलेला असतो. चावी बंद करून व बॅटरीचें ऋण टोक सोडवून तो काढावा. मात्र नुकताच पंखा चालविला असल्यास तो निवूं द्यावा. मल्टिमीटरनें पाहतां वेटोळ्यांचा रोध थोडक्याच ओमांचा भरतो. अनंत दिसला, तर तार किंवा फ्यूज तुटला. जोडणीचें प्लास्टिक तपकिरी पडलें किंवा वितळलें आहे काय, हेंही पाहावें. तसें असल्यास ती जोडणीही नवी घालावी.

परंतु नवा रेझिस्टर बसविला, म्हणजे काम संपलें नाहीं. जुना कशानें जळला, हें शोधलेंच पाहिजे. हवेची जाळी धुळीनें बुजली, तर वारा कमी होऊन रेझिस्टर निवत नाहीं. पंख्यांत सुकीं पानें अडकलीं किंवा बेअरिंग कोरडें पडलें, तर मोटर अधिक प्रवाह ओढते. पावसाचें पाणी आंत उतरत असेल, तर जोडणी गंजते. हीं कारणें तशींच राहिलीं, तर नवा भागही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जातो.

एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. वितळलेल्या फ्यूजच्या जागीं तारेचा तुकडा जोडून काम भागविणारे कुशल हात पुष्कळ आहेत. तो फ्यूज आगीपासून रक्षण करण्यासाठीं असतो. तो टाळल्यास चार वेग परत येतील खरे, पण तापलेल्या तारेवर कोणाचाही पहारा राहणार नाहीं. काटकसर हा गृहस्थाचा गुण आहे; ती अख्खा पंखा न बदलण्यांत करावी, फ्यूज वगळण्यांत करूं नये. दुरुस्तीनंतर काढलेला भाग मागून घ्यावा, आणि तो कां जळला हें मिस्त्रीस अवश्य विचारावें. याचें उत्तर जो देऊं शकतो, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें सोंपवावी.